तिसऱ्या आठवड्याच्या आत न्हाणीघर तयार हवं

पत्र: माझं वय ४६. सात महिने मूळव्याध समजून मलमं लावली, शेवटी बायॉप्सीत गुदद्वाराचा स्क्वॅमस सेल कॅन्सर निघाला. लांब कुठे पसरलेला नाही. बारा दिवसांनी उपचार सुरू होतील. २८ वेळा रेडिएशन, पहिल्या दिवशी मायटोमायसिन हे केमोचं औषध शिरेतून आणि रेडिएशनच्या दिवशी कॅपेसिटाबिन या केमोच्याच गोळ्या. डॉक्टर म्हणाले, "कातडी भाजल्यासारखी होईल, पण निभेल." म्हणजे नेमकं काय होईल? घरात मी, नवरा आणि १९ वर्षांची मुलगी. काय आणून ठेवू? शौचाला कशी जाणार याचीच सर्वात धास्ती आहे. ऑफिस किती दिवस जमेल? शिवाय हा कॅन्सर एचपीव्हीमुळे होतो असं वाचल्यापासून नवऱ्याशी नीट बोलता येत नाही.

उत्तर:

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ती गाठ मनात ठेवून पुढचे सहा आठवडे काढणं अवघड जाईल.

एचपीव्ही हा अतिशय सर्रास आढळणारा विषाणू आहे. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक माणसांना तो कधी ना कधी होतो आणि बहुतेकांच्या शरीरातून आपसूक निघूनही जातो. काहींच्यात तो वर्षानुवर्षं, अगदी दशकंही, दबा धरून राहतो. म्हणून तो केव्हा आला आणि कोणाकडून आला हे आज कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. तुमच्या किंवा नवऱ्याच्या वागण्याचा तो पुरावा नाही. गुदद्वारातून संबंध न आलेल्यांनाही हा कॅन्सर होतो. नवऱ्याने घाबरून तपासण्या करत सुटायचं कारण नाही, पुरुषांसाठी तशी नेहमीची तपासणीच नाही. तुम्ही मात्र गर्भाशयमुखाची तपासणी उपचाराआधी करून घ्या, कारण तिथल्या कॅन्सरचाही विषाणू तोच आणि नंतर ती जागा बरेच महिने दुखरी असेल. मुलीला एचपीव्हीची लस झाली नसेल तर तिच्या डॉक्टरांना विचारा, २६ व्या वर्षापर्यंत ती देतात. हा परिच्छेद नवऱ्याला तसाच वाचायला दिलात तरी चालेल.

आता "निभेल" म्हणजे काय ते. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस असतं, म्हणजे २८ वेळांना साडेपाच ते सहा आठवडे लागतात. पहिले दोन आठवडे बऱ्याच जणांना विशेष काही होत नाही. थोडी मळमळ, थोडा थकवा. आणि इथेच फसगत होते. "मला काही होत नाहीये" म्हणून कोमट पाण्यात बसण्यासाठी आणलेला टब माळ्यावर जातो. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्वचा लालसर होते, पोट ढिलं होतं. तिसऱ्या आठवड्यात शौचाच्या वेळी चुरचुरतं. चौथ्या-पाचव्यात जांघेच्या घड्या, नितंबांमधली फट आणि योनीभोवतीची त्वचा सोलवटून ओली होते, पाझरते. सर्वात वाईट दिवस रेडिएशनच्या मधल्या आठवड्यांतले नसतात. ते शेवटच्या आठवड्यात आणि रेडिएशन संपल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत येतात. मग नवी त्वचा धरू लागते. पूर्ण भरायला साधारण तीन ते सहा आठवडे.

त्वचा सोलवटू नये असं कोणतंही मलम नाही. कोणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. घरच्या काळजीचा उद्देश वेगळा आहे: उपचारात खंड पडू नये. मध्ये सुट्टी पडली की उरलेल्या कॅन्सर पेशींना वाढायला वाव मिळतो. पूर्वी ठरवून मध्ये विश्रांती देऊन पाहिली गेली, पण म्हणूनच तो प्रकार आता सोडून दिला आहे. त्वचेच्या वेदनेने, जुलाबाने किंवा तापाने एक-दोन दिवस चुकणं हेच टाळायचं असतं, आणि त्यातलं बरंच घरी टाळता येतं.

या उपचारावर विश्वास बसावा म्हणून एवढंच सांगतो. १९७४ पर्यंत या कॅन्सरला गुदद्वार काढून टाकणं आणि पोटावर कायमची पिशवी हाच मुख्य मार्ग होता. त्या वर्षी अमेरिकेत डेट्रॉइटच्या डॉ. नॉर्मन नायग्रो यांनी शस्त्रक्रियेच्या आधी थोडं रेडिएशन आणि केमो दिल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. पहिल्या तीन रुग्णांपैकी दोघांची शस्त्रक्रिया झाली तेव्हा काढलेल्या भागात कॅन्सरच सापडला नाही. तिसऱ्याने शस्त्रक्रिया नाकारली. तिथून हळूहळू शस्त्रक्रिया मागे पडली. तुम्हाला मिळणारा उपचार त्याच वाटेवरचा आहे.

या बारा दिवसांत

डॉक्टरांना पुढच्या गोष्टी स्वतः विचारा. पहिली, डीपीडीची रक्ततपासणी झाली आहे का. काहींच्या शरीरात कॅपेसिटाबिन मोडणारं हे विकर कमी असतं आणि नेहमीचाच डोस त्यांना विषासारखा बाधतो. ती गोळी सुरू करण्याआधीच कळायला हवं. दुसरी, चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी दाखवा, "ते तर साधं व्हिटॅमिन" म्हणून काही वगळू नका. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या कॅपेसिटाबिनचा त्रास वाढवतात आणि मल्टिव्हिटॅमिनमध्ये ते हटकून असतं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन, फिट्सवरचं फेनिटोइन, युरिक ॲसिडवरचं ॲलोप्युरिनॉल यांचाही त्याच्याशी खटका उडतो. तिसरी, दात दाखवून घ्या. उपचारात रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा किडलेली दाढ अचानक मोठं संकट होते.

तुमची पाळी चालू असेल तर हेही आजच बोला. ओटीपोटाच्या रेडिएशनने बीजांडकोश बहुधा काम थांबवतात आणि पाळी जाते. तरीही "आता काय होणार" म्हणून गर्भनिरोधन सोडू नका. उपचार चालू असताना आणि कॅपेसिटाबिनच्या शेवटच्या गोळीनंतर सहा महिने ते पाळायचं. अंगातून वाफा, झोप उडणं सुरू झालं तर स्त्रीरोगतज्ज्ञांना हॉर्मोन्सबद्दल विचारा. हा कॅन्सर हॉर्मोन्सवर वाढणारा नाही, त्यामुळे दार आपोआप बंद होत नाही. तंबाखू किंवा सिगारेट असेल तर ती आजच सुटायला हवी, धूर चालू राहिला तर त्वचेचा त्रासही वाढतो.

सामान फार लागत नाही, पण लागेल तेव्हा ते हाताशी हवं. कमोडच्या भांड्यावर बसणारा उथळ प्लास्टिकचा टब, दोन-तीन लिटर पाणी मावेल असा. झाकणाला बारीक भोकं असलेली दाबण्याची बाटली, अर्ध्या लिटरची. पांढऱ्या मऊ सुती कापडाचे दहा-बारा तुकडे. पांढरेच घ्या, रक्त आणि पू त्यावर लगेच दिसतो. सैल सुती अंतर्वस्त्रं एक माप मोठी, आणि घरात घालायला सैल गाऊन. गादीवर घालायचं पाणी न शिरणारं अंथरूण आणि न चिकटणारे मोठे सुती पॅड. मध्ये भोक असलेली गोल उशी आणू नका, त्याने नितंब ओढले जातात आणि सोललेली फट आणखी उघडते. साधी जाड फोमची किंवा जेलची उशी बरी. थर्मामीटर दोन असू द्या. एक ऐन वेळी सापडत नाही.

शौचाची धास्ती

याला सर्वात जास्त जागा देतो. आमच्या मते सगळी कसोटी इथेच असते. दुखतं म्हणून माणूस शौच रोखून धरतो. रोखल्याने मळ घट्ट होतो, घट्ट मळ सोललेल्या त्वचेला चिरत जातो, पुढच्या वेळी धास्ती दुप्पट. हे चक्र एकदा फिरू लागलं की तीन दिवसांत माणूस रुग्णालयात पोहोचतो.

त्वचा दुखू लागल्यावर दर वेळी असं करा. लिहून दिलेली लवकर गुण देणारी वेदनाशामक गोळी अपेक्षित वेळेच्या अर्धा तास आधी घ्या. सकाळच्या चहानंतर जायची सवय असेल तर चहाच्या आधी. डॉक्टरांनी लिग्नोकेनची, म्हणजे जागा बधिर करणारी, जेली दिली असेल तर दहा मिनिटं आधी बोटावर घेऊन फक्त बाहेरून लावा, आत घालू नका. पायाखाली छोटा पाट ठेवा, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात आणि जोर लावावा लागत नाही. थोडं पुढे झुका, तोंड उघडं ठेवून श्वास सोडा. कुंथू नका. पाच मिनिटांत झालं नाही तर उठा, मोबाइल घेऊन तिथे बसून राहू नका.

झाल्यावर कागद नाही. हँड शॉवरचा जोरदार फवारासुद्धा नाही. त्या धारेने नवी त्वचा उखडते. दाबण्याच्या बाटलीतून कोमट पाणी पुढून मागे ओघळू द्या, हात लावावा लागला तर अगदी हलका. मग टबात दहा ते पंधरा मिनिटं बसा. पाणी मनगटाला जेमतेम ऊब जाणवेल इतकंच, गरम नको, गरम पाण्याने आग वाढते. मीठ, जंतुनाशक, सुगंधी तेल काहीही घालू नका, डॉक्टरांनी नेमकं सांगितलं असेल तरच. जास्त वेळ बसून फायदा नाही, त्वचा भिजून पांढरी फुगते आणि लवकर फाटते.

आता कोरडं करणं. पुसायचं नाही. पांढरं कापड नुसतं टेकवायचं आणि उचलायचं. घड्यांमधला ओलावा हेअर ड्रायरच्या थंड हवेवर, हातभर अंतर ठेवून. मग नर्सने दिलेलं मलम पातळ थरात. आधीचा जाड थर खरवडून काढू नका. वरचं मळलेलं तेवढं टिपा आणि त्यावर पुन्हा पातळ लावा. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटं कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन पडा. हा सगळा प्रकार पाऊण-एक तास खातो. दिवसातून तीनदा झाला तर तुमच्या हातात दुसऱ्या कामाला वेळ नाही, हे घरातल्यांना आधीच सांगून ठेवा.

लघवीचंही तसंच. त्वचा उघडी झाल्यावर लघवी लागून जी आग होते तिचं वर्णन सहसा कोणी आधी करत नाही. लघवी करतानाच बाटलीतून पाणी ओतत राहा, म्हणजे ती पातळ होऊन ओघळते. फारच झालं तर सरळ टबातल्या कोमट पाण्यात बसून लघवी करा. लाजू नका, रुग्णालयातल्या नर्ससुद्धा हेच सांगतात. भीतीने पाणी कमी पिणं मात्र उलटं पडतं, लघवी गडद होऊन जास्त झोंबते. लघवी करताना आतून जळजळ, सारखी घाई किंवा थंडी वाजत असेल तर जंतुसंसर्गाची तपासणी करायला सांगा. सगळ्याचं खापर रेडिएशनवर फोडू नका.

जुलाब की बद्धकोष्ठता

दोन्ही होतात, कधी एकाच आठवड्यात. रेडिएशन आणि कॅपेसिटाबिन आतडं ढिलं करतात. मॉर्फिन किंवा ट्रामाडॉल गटातल्या वेदनाशामक गोळ्या ते घट्ट करतात. म्हणून साध्या वहीत रोज एक ओळ लिहा: किती वेळा, कसं, रक्त, ताप, वेदना दहापैकी किती. डॉक्टर "पोट कसं आहे" विचारतात तेव्हा "तसं ठीक" या उत्तराचा त्यांना काही उपयोग होत नाही.

लोपेरामाइड ही जुलाब थांबवणारी गोळी घरात ठेवायची परवानगी आधीच घ्या. नेहमीची पद्धत अशी: सुरुवातीला ४ मिलिग्रॅम, मग प्रत्येक पातळ शौचानंतर २ मिलिग्रॅम, दिवसात १६ च्या वर नाही. पण ताप किंवा रक्ताचे जुलाब असतील तर ती न घेता आधी फोन. नेहमीपेक्षा दिवसाला चार किंवा जास्त वेळा पातळ होऊ लागलं, किंवा रात्री उठून जावं लागू लागलं, तर कॅपेसिटाबिनची पुढची गोळी घेऊ नका आणि फोन करा. हे आपल्या मनाने औषध सोडणं नव्हे. त्या औषधाचा हाच नियम आहे. "उद्या बघू" म्हणून आणखी दोन डोस गेले तर आतड्याला आठवडाभर भोगावं लागतं. दरम्यान कोंड्याचे, कच्चे, तेलकट, तिखट पदार्थ बंद. मऊ शिजलेलं, साधं, थोडं थोडं. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवा, अंदाजाने नको.

घट्ट होत असेल तर मळ मऊ करणारं औषध डॉक्टरांकडून घ्या. वेदनाशामक जड गोळी सुरू झाली त्याच दिवसापासून ते चालू हवं, त्रास झाल्यावर नव्हे. एनिमा, गुदद्वारात ठेवायच्या गोळ्या आणि तिथून ताप मोजणं या तीन गोष्टींना पूर्ण मनाई. सोललेल्या जागेतून जंतू थेट रक्तात जातात.

गोळ्यांचा डबा

कॅपेसिटाबिन ५०० आणि १५० मिलिग्रॅम अशा दोन आकारांत येते. तुमचा डोस उंची-वजनावरून ठरतो, समजा १३०० आला, तर एका वेळी ५०० च्या दोन आणि १५० च्या दोन गोळ्या. चष्मा न लावता घाईत चारही ५०० च्या उचलल्या तर एका वेळी २००० जातात. ही चूक घडते. दोन्ही पाकिटांवर जाड पेनाने मोठा आकडा लिहा आणि रविवारी रात्री मुलीला आठवड्याचे खण भरायला बसवा, तुम्ही शेजारी बसून मोजा. खण भरताना हातमोजे घालावेत.

जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर, अख्खी गिळायची. तोडायची, कुटायची नाही. दोन डोसांत साधारण बारा तास. विसरलात तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. उलटीतून पडली तरी पुन्हा घेऊ नका. रेडिएशन नसलेल्या शनिवार-रविवारी गोळ्या घ्यायच्या की नाही हे लेखी मागा. तुमच्यासारख्या वेळापत्रकात सहसा नसतात. आणि आठवड्यातल्या एखाद्या दिवशी यंत्र बंद पडलं तर त्या दिवसाच्या गोळ्यांचं काय, तेही आजच विचारा. तळहात-तळपाय लाल होऊन दुखू लागले, तोंड आलं, तर लगेच सांगा. छातीत दुखलं तर गोळी थांबवून थेट तातडीच्या विभागात, हे औषध हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळू शकतं.

मायटोमायसिननंतर एक-दोन वेळा लघवी निळसर-हिरवट दिसली तर घाबरू नका. ते देताना शिरेच्या जागी आग झाली किंवा फुगली तर मात्र तत्क्षणी नर्सला हाक मारा. शिरेबाहेर गेलेलं हे औषध मांस जाळतं. डोक्याचे केस विरळ होतील, पण सहसा पूर्ण जात नाहीत. रेडिएशनच्या जागेचे जातात. केमोनंतरचे दोन दिवस झाकण लावून दोनदा फ्लश करा. मळलेले कपडे वेगळे धुवा, घरच्यांनी ते हातमोज्यांनी उचलावेत.

रोजचं रेडिएशन

नियोजनाच्या स्कॅनला मूत्राशय भरलेलं ठेवायला सांगितलं असेल तर रोज तसंच हवं. भरलेलं मूत्राशय लहान आतड्याला वर ढकलतं आणि ते किरणांच्या वाटेतून बाजूला जातं. रिकामं करून, सांगितलेलं माप, बऱ्याच ठिकाणी ३०० ते ५०० मिलिलिटर, पिऊन सांगितलेली मिनिटं थांबायचं. घरची बाटली मापाची न्या, "दोन ग्लास" रोज वेगळे होतात. चौथ्या आठवड्यात रोखून धरणं कठीण जातं. तेव्हा गुपचूप कमी पाणी पिऊ नका, टेक्निशियनना सांगा, ते मार्ग काढतात.

आत जाण्याआधी मलमाचा जाड थर नको. पातळ थर किती आणि कधीपर्यंत चालतो हे तुमच्या विभागाकडूनच ठरवून घ्या. कातडीवरच्या खुणा घासू नका. पावडर, सुगंधी साबण, दुर्गंधीनाशक, वस्तरा हे सगळं त्या भागापासून लांब. त्वचा ओली होऊन सोलली की साधं मलम थांबवून न चिकटणारं ड्रेसिंग किंवा वेगळं औषध लागतं. तो बदल तुम्ही आपणहून दाखवल्याशिवाय कोणाला दिसणार नाही. आठवड्यातून एकदा तपासणीच्या टेबलावर "दाखवायला नको" म्हणणाऱ्या बऱ्याच जणी असतात. तो एक आठवडा फार महागात पडतो.

वेदनेची गोळी घड्याळाप्रमाणे घ्या. "अगदी असह्य झालं की घेईन" म्हणणाऱ्याला शेवटी जास्तच गोळ्या लागतात. पॅरासिटामॉल घेण्याआधी दर वेळी ताप मोजा, ती ताप झाकते. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या विचारल्याशिवाय नकोत, कारण प्लेटलेट आणि मूत्रपिंडं दोन्ही सांभाळायची आहेत.

फोन कधी

ताप ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, झाला की त्याच मिनिटाला, रात्री दोन वाजले असले तरी. थंडी वाजून कापरं भरलं पण ताप नाही, तरीही. पांढऱ्या पेशी कमी असताना संसर्ग काही तासांत जिवावर बेततो. मायटोमायसिनचा पेशींवरचा परिणाम उशिरा, चार-सहा आठवड्यांनीही दिसतो, त्यामुळे रेडिएशन संपत आलं म्हणून सैल पडू नका. दिवसभर पाणीसुद्धा पोटात न टिकणं, लघवी फार कमी होणं, एका पायाला सूज, दम लागणं, थेंबांपेक्षा जास्त रक्तस्राव, गोळी घेऊनही शौचाला बसता न येणं, ही कारणंसुद्धा "त्रास द्यायला नको" म्हणून थांबायची नाहीत. रात्रीचा नंबर न्हाणीघराच्या दारावर चिकटवा. फोन करताना पहिलंच वाक्य: "माझी केमो आणि रेडिएशन चालू आहे."

ऑफिस

बसून करायचं काम असेल तर पहिले दोन आठवडे बहुधा जमेल. तिसऱ्या आठवड्यापासून ते रेडिएशन संपल्यावर महिन्याभरापर्यंतची रजा आत्ताच मागा. लवकर बरं वाटलं तर रजा परत करता येते, पण चौथ्या आठवड्यात फाटलेल्या त्वचेवर बसून रजेचा अर्ज लिहिणं कठीण. सांगायचं काय, याचं एकच वाक्य ठरवा. "ओटीपोटाच्या भागाचा कॅन्सर आहे, उपचार चालू आहेत." पुढचं सांगायला तुम्ही बांधील नाही. नवऱ्याला मात्र सगळं माहीत हवं. रात्री तीन वाजता ड्रेसिंग त्यालाच बदलावं लागेल.

शेवटच्या दिवसानंतर

लोक पेढे आणतील आणि तुम्ही कुशीवर पडून असाल, याची तयारी ठेवा. शेवटचं रेडिएशन झालं की रोजची नर्स सुटते आणि नेमके तेच दोन आठवडे सर्वात वाईट. म्हणून संपल्यापासून सात दिवसांच्या आतली तपासणीची तारीख आधीच घेऊन ठेवा, आणि मधल्या दिवसांत कोणाला फोन करायचा ते नाव लिहून घ्या. वेदनेच्या गोळ्या एकदम बंद करू नका, डॉक्टर पायरी-पायरीने उतरवतील.

गाठ हाताला लागत राहिली तर "उपचार फसला" असं धरू नका. ती महिनोन् महिने विरघळत राहते. म्हणूनच शेवटचा निकाल उपचार सुरू झाल्यापासून २६ आठवड्यांपर्यंत राखून ठेवतात. तिसऱ्या महिन्यात घाईने तपासायला तुकडा काढला तर भाजलेल्या जागी न भरणारी जखम राहू शकते. गाठ वाढतेय असं वाटलं तर मात्र लगेच दाखवा.

त्वचा भरल्यावर, साधारण महिन्याने, योनीमार्ग आखडू नये म्हणून डायलेटरबद्दल, म्हणजे आत घालायच्या गुळगुळीत नळीबद्दल, नर्सना विचारा. पाण्यावर आधारित जेल लावून आठवड्यातून दोन-तीनदा, पाच-दहा मिनिटं, असा साधारण नेम असतो. ते संबंधांसाठीच असतं असं नाही, पुढच्या तपासण्यांसाठीही लागतं. संबंध केव्हा, हे त्वचा आणि तुम्ही मिळून ठरवा, घाई कोणालाच नाही. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम त्वचा भरल्यावर सुरू करा, शौचाची अचानक घाई त्याने आटोक्यात येते. पुढे कधी कंबरेत किंवा जांघेत नवं दुखणं जडलं तर तेही सांगा, रेडिएशनने ओटीपोटाची हाडं ठिसूळ होऊ शकतात.

आणि तो टब. शौचाला सलग पंधरा दिवस गोळीशिवाय, न दुखता जाता आलं की मगच माळ्यावर टाका.